झेरॉक्स मशीनमधली पत्त्यांची वही



आजचा विषय आहे आपल्या प्रभाग संघाच्या कार्यालयात कोपऱ्यात उभं असलेलं झेरॉक्स मशीन. आपण त्याला झेरॉक्स म्हणतो, कारण त्याच्याकडून तेवढंच काम करून घेतो. पण आता कार्यालयांत येणारी बरीचशी मशीन नुसती झेरॉक्स काढत नाहीत. ती प्रिंट काढतात, कागद स्कॅन करतात आणि नीट जोडून दिली तर स्कॅन केलेला कागद थेट ईमेलने पाठवतात. मध्ये कॉम्प्युटर लागत नाही. कागद ठेवला, नाव निवडलं, हिरवं बटण दाबलं की काम झालं.

मग हे काम आपल्याकडे होत का नाही? विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "ते सेटिंग मशीनवाल्या दादालाच येतं." दादा तीन महिन्यांतून एकदा येतो, त्यामुळे ते बटण तसंच राहतं. आज मला सांगायचंय ते एवढंच, की हे सेटिंग आपल्याला जमण्यासारखं आहे आणि ते आपल्याच हातात हवं. कारण मशीनच्या पोटात पत्त्यांची एक वही असते. ती वही जो लिहितो, तो आपल्या बायांचे कागद कुठे जाणार हे ठरवतो.

आधी फायदा काय ते बघू. गटाच्या कर्जाचा प्रस्ताव बँकेत द्यायचा असतो. त्यात ठराव, सभासदांची यादी, आधारच्या प्रती, पासबुकाचं पहिलं पान, फोटो असं सगळं असतं. अध्यक्ष आणि सचिव दोघी एसटीने तालुक्याला जातात. रांगेत उभं राहून नंबर लागतो, तेव्हा साहेब सांगतात, "ठरावावर एक सही कमी आहे." दोघींची दिवसाची मजुरी बुडाली, तिकिटाचे पैसे गेले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फेरी आलीच. तेच कागद आदल्या दिवशी मेलने गेले असते, तर साहेबांनी फोनवरच सांगितलं असतं. मूळ कागद शेवटी हातानेच द्यावे लागतात, ते काही चुकत नाही. पण आधी तपासून घेतले तर एका फेरीत काम होतं. तुमच्या शाखेत असे कागद आधी मेलवर बघतात का, हे एकदा विचारून घ्या. बँक सखीला ते माहीत असेल.

काही जणी म्हणतील, "ताई, आम्ही फोनने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतोच की!" टाकतो, खरं आहे. पण वीस पानांचे वीस फोटो होतात, त्यात चार वाकडे आणि दोनांवर आपल्याच हाताची सावली. शिवाय अकरा बायांचे आधार कार्ड कुणा एकीच्या फोनमध्ये पडून राहतात, आणि तोच फोन संध्याकाळी पोरं खेळायला घेतात. मशीनवर वीस पानांची एकच फाइल होते, सरळ आणि स्वच्छ. ती कधी आणि कुणाला पाठवली याची नोंदही संघाच्या मेलमध्ये राहते.

आता काम कसं करायचं ते टप्प्याटप्प्याने सांगते. वही-पेन घ्या.

पहिला टप्पा, मशीन बघा. पडद्यावर किंवा बटणांवर 'स्कॅन' किंवा 'सेंड' असं लिहिलेलं आहे का? त्यात 'ईमेल' दिसतं का? काही लहान मशीन फक्त कॉम्प्युटरवर किंवा फोनच्या ॲपवर स्कॅन देतात, स्वतः मेल पाठवत नाहीत. ते आधीच कळलं तर पुढची धडपड वाचेल. ईमेल दिसत असेल तर मशीन इंटरनेटला जोडलेलं हवं, म्हणजे राउटरपासून वायर आलेली हवी किंवा मशीनला वायफाय हवं.

दुसरा टप्पा, संघाचा स्वतःचा ईमेल पत्ता. ऑपरेटर मुलीचा नको, व्यवस्थापकाच्या नवऱ्याचा तर नकोच. संघाच्या नावाने नवा पत्ता उघडा आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर कार्यालयाच्या फोनचा ठेवा. माणूस बदललं की पत्ताही त्याच्याबरोबर जातो, हे आपण बँकेच्या खात्यात होऊ देत नाही. मग मेलच्या बाबतीत का होऊ द्यायचं?

तिसरा टप्पा जीमेल वापरणाऱ्यांसाठी आहे. इथेच सगळ्यांची गाडी अडते. मशीनमध्ये मेलचा नेहमीचा पासवर्ड भरला तर ते चालत नाही. पूर्वी चालायचं. मे २०२२ अखेर गूगलने ते बंद केलं. आता आधी खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी लागते, म्हणजे पासवर्ड टाकल्यावर ती कार्यालयाच्या फोनवर पुन्हा खात्री करून घेते. ती लावल्यावर गूगलच्या खात्यात 'ॲप पासवर्ड' काढता येतो. तो १६ अक्षरांचा असतो आणि एकदाच दिसतो. दिसला की लगेच लिहून घ्यायचा आणि मशीनमध्ये भरताना मधल्या मोकळ्या जागा सोडून द्यायच्या.

हा दुसरा पासवर्ड कशाला, असं वाटेल. गड्याला आपण गोठ्याची किल्ली देतो, घराची देत नाही. तसंच आहे हे. मशीनला स्वतःची वेगळी किल्ली दिली, की मशीन परत देताना तेवढीच रद्द करता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. जीमेलचा मुख्य पासवर्ड बदलला की हा ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतो. काल चालणारं मशीन आज मेल पाठवत नसेल, तर आधी विचारा, "मेलचा पासवर्ड कुणी बदलला का?" बदलला असेल तर नवा ॲप पासवर्ड काढून भरायचा. त्यासाठी दादाची वाट बघायला नको.

चौथा टप्पा, मशीनच्या आत शिरणं. आत शिरणं म्हणजे पेचकस घेऊन नव्हे! प्रत्येक जोडलेल्या मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो, बहुधा एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट अशी सुरुवात असलेला. मशीनच्या सेटिंगमधून नेटवर्कची माहिती छापून घेतली की तो कागदावर मिळतो. त्याच राउटरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर, आपण जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे हे आकडे टाका. मशीनचं स्वतःचं पान उघडतं. मशीनच्या छोट्या पडद्यावर बोट आपटत बसण्यापेक्षा इथे टाइप करणं सोपं जातं.

इथे ते ॲडमिनचा पासवर्ड विचारेल. कारखान्यातून आलेला पासवर्ड बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत छापलेला असतो, म्हणजे तो साऱ्या जगाला माहीत असतो. तो आधी बदला. नवा पासवर्ड कागदावर लिहा, पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, त्यावर अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या घ्या आणि ठराव वहीच्या कपाटात ठेवा. मशीनवर चिकटपट्टीने लावू नका.

पाचवा टप्पा, ईमेलची माहिती भरणं. पाच गोष्टी लागतात. सर्व्हरचं नाव, जीमेलसाठी ते आहे एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम. पोर्ट ५८७, आणि त्याबरोबर टीएलएस किंवा स्टार्ट टीएलएस चालू. युझर नेम म्हणजे संघाचा पूर्ण ईमेल पत्ता. पासवर्ड म्हणजे तो १६ अक्षरांचा. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता, तो पुन्हा संघाचाच. हा सर्व्हर म्हणजे आपली टपाल कचेरी समजा. मशीन पत्र घेऊन तिच्या दारात जातं, स्वतःची ओळख दाखवतं आणि पत्र देतं. पुढे पोचवणं कचेरीचं काम.

सगळं बरोबर भरूनही जात नसेल तर मशीनची तारीख आणि वेळ बघा. वीज जाऊन-येऊन काही मशीनचं घड्याळ मागे पडतं. तारीख चुकीची असली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि पडद्यावर नुसती चूक दिसते. मशीन फार जुनं असेल, तर त्याला आजची सुरक्षित जोडणी येतच नसेल. ते मात्र दादाला विचारायला हवं.

आता मुख्य काम, पत्त्यांची वही. मशीनमध्ये तिला ॲड्रेस बुक म्हणतात. त्यात नाव आणि ईमेल पत्ता भरून ठेवला की पडद्यावर त्या नावाचं बटण तयार होतं. पुढच्या वेळी पत्ता टाइप करायला नको, नावावर बोट ठेवलं की झालं. सोय मोठी आहे, आणि धोकाही त्या सोयीतच आहे. चुकीच्या नावावर बोट पडलं, तर कागद तितक्याच झटपट चुकीच्या घरी जातो आणि परत मागवता येत नाही.

एका कार्यालयात घडलेली गोष्ट सांगते. तिथल्या वहीत एका कर्मचाऱ्याचं नाव होतं आणि पत्ता त्याचा खासगी होता. तो नोकरी सोडून कर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीत गेला. नाव वहीत तसंच राहिलं. पुढे कित्येक दिवस गटांच्या फाइल सवयीने त्याच नावावर जात राहिल्या. त्या गटांतल्या बायांना नंतर कर्ज हवंय का म्हणून फोन यायला लागले. ते फोन त्या कागदांमुळेच आले, असं कुणी सिद्ध करू शकलं नाही. पण नाव, नंबर, बचत, पासबुक, सगळं बाहेर गेलं होतं आणि बायांना त्याचा पत्ताही नव्हता. ज्या बाईने गटावर विश्वास ठेवून आपले कागद दिले, तिला काय सांगणार?

म्हणून वही लिहिताना काही नियम पाळू या.

एक, माणसाचा नाही, पदाचा पत्ता लिहा. शाखेचा अधिकृत ईमेल, तालुका कक्षाचा अधिकृत ईमेल. अधिकारी बदलतात, कार्यालय तिथेच राहतं.

दोन, नाव असं लिहा की दोन नावांचा घोळ होणार नाही. मशीनवर बहुधा मराठी अक्षरं मिळत नाहीत, इंग्रजीत लिहावं लागतं. आधी प्रकार, मग गाव. बँक, मग शाखेचं गाव. ग्रामसंघ, मग गावाचं नाव. नुसतं 'मॅनेजर' किंवा 'सुनीता' असं नको. आपल्या प्रभागात सुनीता किती आहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे!

तीन, पत्ता एकीने मोठ्याने वाचायचा आणि दुसरीने टाइप करायचा. टिंब कुठे आहे, खालची रेघ कुठे आहे, तो आकडा एक आहे की इंग्रजी एल, शून्य आहे की ओ, हे तिथल्या तिथे विचारायचं. एका टिंबाचा फरक पडला तर पत्ता दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

चार, चाचणी. नवा पत्ता भरला की पहिला कागद कधीही खरा पाठवू नका. कोऱ्या पानावर 'चाचणी' आणि संघाचं नाव लिहून ते पान स्कॅन करून पाठवा. मग फोन करून विचारा, "मिळालं का?" समोरून "मिळालं" आलं, की वहीतल्या त्या नावापुढे आपल्या रजिस्टरमध्ये तारीख घाला.

पाच, समूहाचं बटण जपून. सगळ्या ग्रामसंघांचं मिळून एक बटण करता येतं. बैठकीची सूचना पाठवायला ते फार उपयोगी आहे. पण एका बाईची कर्जाची फाइल चुकून त्या बटणावर गेली, तर तिच्या घरची परिस्थिती सगळ्या प्रभागाला कळली. समूहाचं बटण वेगळ्या पानावर ठेवा आणि त्याच्या नावातच 'फक्त सूचना' असं घाला.

सहा, वहीत लिहिण्याचा आणि खोडण्याचा अधिकार ॲडमिन पासवर्डखाली ठेवा. बऱ्याच ऑफिस मशीनमध्ये हातानं पत्ता टाइप करून पाठवणं बंदही करता येतं. मग कागद फक्त वहीतल्या, तपासलेल्या पत्त्यांवरच जातो.

आता स्कॅन कसं करायचं ते थोडक्यात. आधी पिना काढा. सुटे, सपाट कागद वरच्या ट्रेमध्ये लावा. पासबुक, फाटका कागद, फोटो चिकटवलेला अर्ज वरून घालू नका, तो अडकतो आणि फाटतो. ते काचेवर ठेवा. फाइलचा प्रकार पीडीएफ ठेवा. साध्या लिखाणाला २०० डीपीआय पुरतं. बारीक अक्षरं किंवा पुसट शिक्का असेल तर ३०० घ्या. रंगीत स्कॅनने फाइल फुगते, गरज नसेल तर काळं-पांढरं निवडा, शिक्का उठत नसेल तर करडा रंग. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठा मेल जात नाही. जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने वाढते, म्हणून आपली फाइल १८ एमबीच्या आत ठेवा. वीस-तीस पानं काळ्या-पांढऱ्यात त्याच्या कितीतरी आत बसतात.

हिरवं बटण दाबण्याआधी दोन गोष्टी करा. पानं मोजा, आणि पडद्यावर निवडलेलं नाव मोठ्याने वाचा. 'सेंट' आलं म्हणजे पोचलं असं समजू नका. टपाल कचेरीने पत्र घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. पत्ता चुकीचा असेल तर परत आल्याचा निरोप संघाच्या मेलमध्ये येतो. म्हणून रोज एकदा तरी तो मेल उघडून बघणारं कुणीतरी नेमलेलं हवं. ग्रामसंघ लिपिकांपैकी आळीपाळीने एकीने केलं तरी चालेल.

आधारबद्दल एक सांगते. आधारच्या संकेतस्थळावरून झाकलेलं आधार काढता येतं, त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे पूर्ण नंबराची गरज नाही, तिथे तेच पाठवा. आणि कुठलाही कागद पाठवण्याआधी ज्या बाईचा आहे तिला सांगा, "मावशी, तुमचं पासबुक अमक्या शाखेला मेलने पाठवतेय." विचारायला एक मिनिट लागतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. मशीन जुनं झालं, भाड्याचं असलं तर परत गेलं, नाहीतर भंगारात विकलं. पण पत्त्यांची वही आणि भरलेला पासवर्ड मशीनमध्येच राहतो. मोठ्या मशीनमध्ये तर डिस्क असते आणि स्कॅन केलेले कागदही तिच्यात साठलेले असू शकतात. अमेरिकेत २०१० साली सीबीएस या वृत्तवाहिनीने जुनी चार कॉपी मशीन विकत घेऊन तपासली. त्यातल्या एकात एका आरोग्य विमा संस्थेकडच्या लोकांच्या वैद्यकीय नोंदी निघाल्या. संस्थेने भाड्याचं मशीन आतली माहिती न पुसता परत केलं होतं. २०१३ साली त्या संस्थेला तिथल्या सरकारला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपला संघ लहान आहे, पण कागद तितकेच खासगी आहेत. मशीन दाराबाहेर जाण्याआधी वही आणि साठवलेले कागद पुसून घ्या, मशीनचा ॲप पासवर्ड रद्द करा आणि डिस्क पुसल्याचं मशीनवाल्याकडून लिहून घ्या.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत तीन कामं करा. मशीनमधली पत्त्यांची वही छापून घ्या, बहुतेक ऑफिस मशीनमधून तशी यादी निघते. ती बैठकीत मोठ्याने वाचा. जे नाव कुणालाच ओळखता येत नाही, जो माणूस आता त्या जागेवर नाही, ते नाव त्याच दिवशी खोडा. आणि दोन बायांची नावं ठरावात घ्या, ज्या हे सेटिंग शिकतील. एक नको, दोन हव्यात. एकीचं बाळंतपण आलं, एकीच्या घरी लग्न निघालं, तरी काम थांबायला नको. दर सहा महिन्यांनी आणि पदाधिकारी बदलले की यादी पुन्हा वाचायची.

गटाच्या पैशाचा हिशेब आपण दर बैठकीत मोठ्याने वाचतो. कुणाला किती दिले, कुणाकडून किती आले, सगळ्यांसमोर. आपल्या कागदांचा हिशेबही तसाच ठेवू या. कुणाचा कागद, कुठे गेला, कुणी पाठवला. मशीन कुणीही विकत घेतलेलं असो, त्यातून जाणारे कागद आपल्या बायांचे आहेत.

तुमच्या संघात हे सेटिंग करताना कुठे अडलं तर रेडिओ केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू. नमस्कार.